काढलेली फळी

आई गेल्यावर अप्पांना सारखी आठवण नको, म्हणून रोहिणीनं चुलीजवळचा आईचा पाट माळ्यावर टाकला होता. तेव्हापासून अप्पा ताट घेऊन चुलीभोवतीच घुटमळत, उभ्यानंच दोन घास खाऊन आपल्या एसटीडी बूथवर जात. रोहिणी बंगळूरला उंदरांच्या मेंदूचे फोटो आणि त्यांची हालचाल कंप्युटरवर ताडून बघायची. आज सुट्टीत घरी आलेल्या रोहिणीच्या कागदावरच्या गोल गोल रेघांवर अप्पांनी बोट ठेवलं. “हे काय गं?” “पोहणाऱ्या उंदराची वाट, अप्पा. हौदात त्याला टेकायला फळी असते. ती काढली तरी तो तिथंच घिरट्या घालतो.” “मग काढता कशापायी?” “त्याला आठवतं का, ते मेंदूत बघायला.” “अन् कळल्यावर परत ठेवता का न्हाई?” रोहिणी उठली. माळ्यावरचा पाट पुसून तिनं चुलीजवळ मांडला. अप्पा समोर बसले. रिकाम्या पाटाला म्हणाले, “वाढ, लई भूक लागलीय.”