अवघडलेले आजोबा

थापा वाटतील, पण त्या ॲनिमेशन स्टुडिओत मातीचा म्हातारा खुर्चीतून उठेपर्यंत बाहेर पुरलेल्या कोयीला आंबे धरायचे. दर फोटोला केसभरच हलवायचं त्याला! "तो उभा राहिला की तुझी नोकरी पक्की," असं सरांनी शिकाऊ शर्वाणीला सांगितलं होतं.

सर जेवून आले, तर म्हातारा परत खुर्चीत टेकलेला.

"ह्याला कुणी बसवलं?"

"मी, सर. अर्धवट उठून आजोबा अवघडले होते हो."

सरांनी त्याला उचललं. पाठीतली तार तुटली होती.

"हा आता उठत नाही. सगळं चित्रण वाया गेलं. तूही उद्यापासून येऊ नकोस, बाळ."

दारातून ती सवयीनं म्हणाली, "येते, आजोबा."

सरांनी म्हाताऱ्याचा हात किंचित वर केला आणि कॅमेरा बंद केला.