पडद्यावर उरलेलं

मंदाकिनीने आज्ञा टाइप करून एंटर दाबलं आणि त्याच क्षणी आपण काय केलं ते तिला कळलं.

अक्षरांतून उलगडलेला आवाज ज्या फायलीत साठवायचा, तिला तिने मूळ फायलीचंच नाव दिलं होतं. असं केलं की संगणक आधी ती फाइल रिकामी करतो, मग वाचायला जातो. कॉलेजात नव्या पोरांना ती हे पहिल्याच तासाला बजावायची. तिने फायलीचा आकार पाहिला. शून्य.

फाइल तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या आवाजाची होती. त्या काळी ईमेलमधून फक्त अक्षरं जायची, म्हणून अप्पांनी ऑफिसात बसून आवाजाची अक्षरं केली होती आणि मैसूरूहून तिच्या हॉस्टेलला पाठवली होती. पुढे घशाचं ऑपरेशन झालं. शेवटची नऊ वर्षं ते पाटीवर लिहूनच बोलले. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. फ्लॉपीने सकाळी एकदा ही फाइल दिली, त्यानंतर नुसती खरखर.

“अक्का, वर्गात हेच शिकवतेस का?” शेजारी बसलेला सुधींद्र म्हणाला. मग बहिणीचा चेहरा पाहून त्याने खुर्ची जवळ ओढली.

तिने फ्लॉपी पुन्हा घातली, काढली, पुसली, पुन्हा घातली. उठली, बसली. मागच्या दारातून आचारी अप्पांच्या उद्याच्या श्राद्धाच्या पायसाला गूळ किती घालू म्हणून विचारत होता. अम्माने स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा विचारलं, लागलं का गं.

सुधींद्रने पडद्यावरची खिडकी बंद करायला हात पुढे केला. तिने त्याचं मनगट धरलं.

मघाशी त्याने फाइल नुसती उघडून पाहिली होती. कीबोर्डवरून मांजर चालत गेलंय, म्हणून हसला होता. त्या ओळी अजून खिडकीत होत्या. सगळ्या नव्हेत, फक्त सुरुवातीच्या.

तिने त्या उचलून नव्या फायलीत ठेवल्या. या वेळी नाव वेगळं दिलं. दोनदा वाचलं. तरी तिला एंटर दाबवेना, शेवटी सुधींद्रनेच दाबलं.

जेमतेम दीड सेकंद. खुर्ची करकरली. मग कोणीतरी घसा खाकरला, सावकाश, बोलण्याआधी खाकरतात तसा. आणि संपलं.

तिने पुन्हा लावलं. खुर्ची. घसा.

अम्मा दारात कधी येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नव्हतं. हात नारळाच्या दुधाने ओले होते. ती पडद्याकडे बघत नव्हती, मान किंचित वाकडी करून ऐकत होती.

“अम्मा, एवढंच...” सुधींद्रने सुरुवात केली.

अम्माने ओला हात वर केला.

“गप्प बस रे. हे आता बोलतील.”