स्लॅब कोणी थांबवला?

परदेशातल्या नोकरीचं पत्र हातात आलं होतं, पण तिथली इंजिनिअर म्हणून मान्यता मिळाल्याशिवाय त्या कागदाचा उपयोग शून्य. मान्यतेच्या अर्जाची चौदा पानं त्याने कशीबशी भरली आणि पंधराव्या पानावर घोडं पेंड खाऊ लागलं. तिथे विचारलं होतं, 'लोकांच्या जिवासाठी वरिष्ठांचा राग ओढवून घेऊन तुम्ही काम थांबवलंत, असा एक प्रसंग लिहा.'

प्रसंग तर घडला होता. पाण्याच्या टाकीचं काम, साइटवर इंजिनिअर दोघंच: हा आणि सगळे ज्याला 'हट्टी' म्हणत तो. स्लॅबमध्ये सळया कमी दिसल्या तसा हट्टी सरळ काँक्रीटच्या गाडीपुढे जाऊन उभा राहिला. स्लॅब थांबला, आणि संध्याकाळच्या आत हट्टीची नोकरी गेली. हा मात्र तेव्हा मूग गिळून बाजूला उभा होता.

"तूही तिथेच होतास ना? मग 'मी थांबवला' असं लिहून टाक," बायको म्हणाली. "सातासमुद्रापलीकडे कुणाला कळतंय?"

त्याने अगदी जीव ओतून लिहिलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "बघ, किती खरं वाटतंय! चल, उलट आता पान."

त्याने पान उलटलं.

 

'त्या वेळी साइटवर हजर असलेल्या दुसऱ्या इंजिनिअरचं नाव, फोन नंबर आणि सही.'