फक्त आठ तास

मुलगा फार लांब असतो का हो, असं खांदा कॉलनीत कुणी विचारलं की इसाजी हसायचे. "लांब कसला? तेल अवीव म्हणजे विमानानं फक्त आठ तास. तुम्हाला गणपतीत चिपळूण गाठायला याहून जास्त लागतात!"

शुक्रवारी सकाळी सुनेचा फोन आला. त्यांचा मुलगा एलियाहू झोपेतच गेला होता. इसाजींनी कसंबसं दुपारचं तिकीट मिळवलं, त्यांची बायको मझल रडत रडत बॅग भरू लागली. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

"बाबा, इथे सगळे म्हणतायत, शब्बाथ लागायच्या आत दफन उरकायला हवं. तुमच्यासाठी रविवारपर्यंत थांबवू का?"

विमान पोचेपर्यंत तिकडे सूर्य बुडून शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागलेला असणार होता; त्यात दफन होत नाही. आणि परदेशातल्या लेकरासाठी मयत ताटकळत ठेवायचं नाही, हे पनवेलच्या सिनेगॉगमध्ये आजवर प्रत्येक घराला इसाजींनीच ठणकावून सांगितलं होतं.

"नको थांबवू," ते कसेबसे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.


बॅगेची चेन ओढत मझलनं विचारलं, "अहो, आठच तास ना?"