बँडमास्तरचे वरचे दोन दात

दातांच्या दवाखान्यात पिसिलाने तपासायच्या बारीक सळईचं टोक बँडमास्तर सेमिसीच्या हिरडीत घातलं, तर ते आत जातच राहिलं. वरचे पुढचे दोन्ही दात तिच्या बोटाखाली हलले. आधी रक्त आलं, मग पू. वास तर असा, की मास्क असूनही तिने मान फिरवली.

आणि तिला बरं वाटलं. का वाटू नये? गेल्या नाताळात याच तोंडाने चर्चच्या अंगणात, अख्ख्या बँडसमोर तिच्या लेकीचा पाणउतारा केला होता. एमेली जन्मतः फाटलेल्या ओठाची, ओठावर टाक्यांची रेघ. तिच्या हातातलं कॉर्नेट, ती छोटी पितळी तुतारी, काढून घेत सेमिसी म्हणाला होता, "हा ओठ फुंकायचा नाही गं, झाकायचा!" सगळा बँड हसला. तेव्हापासून पोरगी तोंडावर हात धरून बोलते.

"आटप गं पिसिला," चूळ थुंकत सेमिसी म्हणाला. "रविवारी चर्चची परिषद आहे, राजधानीहून मंडळी येणार. काहीतरी औषध लाव, की झालं."

"ब्रश करता का, मास्तर?"

"वेडी की काय? ब्रश लागला की रक्त येतं. फुंकणाऱ्याने हिरड्या जपाव्यात! मी सगळ्या पोरांना सांगून ठेवलंय, कार्यक्रम जवळ आला की ब्रश बंद, नुसती चूळ."

देवा रे! पिसिलाला हसू आवरेना. मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, एवढंच म्हणून याला घरी पाठवला तर? नाताळपर्यंत दोन्ही दात आपसूक याच्या हातात येतील, आणि तिचं नावही कोणी घेणार नाही. शब्द अगदी जिभेवर आले होते.

पण मग हा म्हणणार, वय झालं म्हणून दात गेले. छे! दोष स्वतःचाच आहे, हे त्याला कळायलाच हवं होतं.

"औषधाने भागायचं नाही," ती म्हणाली. "तोंडात जंतू सगळ्यांच्याच असतात, मास्तर. काही बिचारे राखणही करतात. पण दाताच्या मुळाशी कीटण साठलं, की त्याच्या आडोशाला वाईट जात घर करते. तुमच्याकडे गावच वसलंय. हिरडी सुजते, आतलं हाड झिजतं."

"पण माझ्या एका दाताला कीड नाही!"

"दात धडधाकट आहेत. त्यांना धरून ठेवणारंच संपत आलंय."

सेमिसीचा हात आपोआप ओठाकडे गेला. "वाचतील?"

"वाचतील. आज भूल देऊन खालपर्यंत खरवडते. पण मी सांगेपर्यंत कॉर्नेट ओठाला लावायचं नाही. लावलंत, तर दात त्याच्यातच राहतील."

"अगं, मग रविवारी तो वरचा सूर कोण लावणार? तिघांना शिकवलं, एकालाही जमत नाही."

"एकीला जमत होता."

"ती... वाजवते अजून?"

"वाजवते. मामाच्या जुन्या कॉर्नेटवर, माडांच्या मागे जाऊन. माणसांसमोर नाही. तोंड उघडा."

भूल चांगली चढली होती, तरी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने पुसलं नाही.

शनिवारी सकाळी सेमिसी तिच्या दारात आला. कमरेला गुंडाळलेली फाटकी चटई, गळ्यात इफीच्या झाडाच्या पानांची माळ. आमच्या बेटांवर माफी अशीच मागतात. घरच्याने येऊन ती माळ उतरवली की माफ केलं. तो अंगणात मांडी घालून बसला, मान खाली, मांडीवर स्वतःचं कॉर्नेट. सुजलेल्या तोंडातून धड शब्द फुटेना. शेजारीपाजारी कुंपणाशी जमले.

"जा," पिसिला लेकीला म्हणाली. "तुला वाटलं तर माळ उतरव. नाही वाटलं तर नको."

एमेली बाहेर गेली. दोन्ही हातांनी तिने कॉर्नेट उचललं, फुंकायची नळी उपसून काढली, नाकाशी नेली आणि लगेच लांब धरली.

"शी!" ती म्हणाली, पार कुंपणापर्यंत ऐकू जाईल अशी. "आई, पाणी उकळत ठेव गं. उद्या मला हे तोंडाला लावायचंय."

ती आत आली. नळी पातेल्यात पडली. उन्हं अंगणात चढली, तरी सेमिसीच्या गळ्यातली पानं उतरवायला कोणी गेलं नाही.