हात लागलेला वजीर

बुद्धिबळाचा अंतिम डाव काचेपलीकडून बघताना आईचा जीव टांगणीला लागला होता. लेकीनं वजीर चिमटीत धरला आणि चूक उमगताच चटका बसल्यासारखा सोडला. तो हलवला तर हार नक्की. पण हात लावलेली सोंगटी हलवायचीच, असा नियम. समोरची मुलगी टेबलाखाली पडलेली पेन्सिल शोधत होती, पंच पाठमोरे होते. 'कुणी पाहिलं नाही गं, प्यादं हलव,' आई मनातल्या मनात विनवत होती. लेकीनं काचेकडे पाहिलं आणि वजीरच हलवला. चार चालींत खेळ खलास. बाहेर येऊन ती म्हणाली, "आई, मी गुपचूप प्यादंच हलवणार होते. पण तू बघत होतीस ना!" आई ओशाळली. तिनं लेकीची सॅक खांद्याला अडकवली. दारातल्या बायकांनी निकाल विचारला. "हरली," आई इतक्या ताठ मानेनं म्हणाली, की सगळ्यांच्या तोंडून "अभिनंदन!" निघालं.