कोणता स्कॅनर ऐकवेल?

आर्डिसचा नवरा लायल डाकोटातल्या त्यांच्या लहानशा गावाच्या स्वयंसेवक अग्निशमन दलात होता. तो आगीवर गेला की दलाचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या स्कॅनरवर त्याचा आवाज ऐकू येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे. दलाने रेडिओयंत्रणा बदलली आणि स्कॅनर मुका झाला, तशी ती दुकानात गेली.

"यातला कोणता घेऊ?"

"कोणताही घ्या काकू, नुसती खरखर ऐकाल," दुकानदार म्हणाला. "सगळं बोलणं आता कुलूपबंद आहे. ऐकायचं तर दलाचाच रेडिओ लागतो, आणि तो फक्त दलातल्या माणसांना मिळतो."

घरी लायल हसला. "बरं झालं! आता तरी सुखाने जेवशील. मी काय तुझ्या कानांच्या जोरावर परत येतो का?"

आर्डिसने मुका स्कॅनर उचलून माळ्यावर टाकला.

सप्टेंबरात गावाबाहेरचं एक धान्याचं कोठार पेटलं. धुरात उभ्या लायलने रेडिओवर विचारलं, "पाण्याचा टँकर कोण आणतंय?"



"मी आणतेय," आर्डिसने गिअर बदलत सांगितलं, "आणि मी पोचेपर्यंत तू बोलत राहा."